स्मरण, पाळत आणि संमती : संकेतस्थळे व नागरिकाचा खाजगीपणा

गेल्या तीस वर्षांत इंटरनेट हे माध्यम आपल्या देशाच्या नागरी जीवनात खोलवर शिरले आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ते सर्वसामान्य ग्राहकांस प्रथम खुले केले, तेव्हा महानगरांतील मोजक्या मंडळींपलीकडे त्याची ओळख नव्हती. आज रेल्वेचे आरक्षण, विजेचे देयक, परीक्षेचा निकाल, बँकेचा व्यवहार, जमिनीचा उतारा अशा असंख्य कामांसाठी खेड्यापाड्यांतील नागरिकही त्याचा आश्रय घेतात. या निमित्ताने नागरिक एखाद्या संकेतस्थळास भेट देतो, तेव्हा अनेकदा त्याच्यासमोर एक लहानशी चौकट उभी राहते. ‘हे संकेतस्थळ कुकीचा वापर करते’ असे तिच्यात लिहिलेले असते आणि खाली संमती देण्याची कळ असते. पुष्कळ लोक मजकूर न वाचताच ती कळ दाबून पुढे जातात. आपण कशास होकार दिला, कोणास दिला आणि किती काळासाठी दिला, हे त्यांस ठाऊक नसते. या तीन प्रश्नांचा उलगडा करणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

कुकी म्हणजे काय हे समजण्यासाठी ती कोणत्या गरजेतून निर्माण झाली हे आधी पाहिले पाहिजे. टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत परस्परांना जोडलेल्या पानांच्या जागतिक जाळ्याची कल्पना मांडली. निरनिराळ्या देशांतील संशोधकांना एकमेकांचे लेख व टिपणे सुलभतेने पाहता यावीत, एवढाच त्या योजनेचा मूळ उद्देश होता. वाचकाच्या संगणकाने एखादे पान मागावे, पान साठविणाऱ्या दूरच्या संगणकाने ते पाठवावे आणि तेथेच तो व्यवहार संपावा, अशी तिची साधी रचना होती. पान पाठविणाऱ्या या संगणकास सर्व्हर म्हणतात आणि वाचकाच्या बाजूने पाने मागवून दाखविणाऱ्या आज्ञावलीस ब्राउझर म्हणतात. या दोहोंमधील संभाषणाच्या नियमांत स्मरणास मुळीच स्थान नव्हते. एकाच वाचकाने लागोपाठ दहा पाने मागितली तरी सर्व्हरच्या दृष्टीने त्या दहा अनोळखी माणसांच्या दहा स्वतंत्र मागण्या असत. या विस्मरणामुळे सारी व्यवस्था हलकी व सुटसुटीत राहिली, आणि जगभर तिचा वेगाने प्रसार होण्यास या सुटसुटीतपणाचा मोठा हातभार लागला.

परंतु लेख वाचणे वेगळे आणि व्यवहार करणे वेगळे. रेल्वेच्या आरक्षणाचेच उदाहरण घ्यावे. प्रवासी प्रथम आपले नाव व सांकेतिक शब्द नोंदवितो, मग गाडी निवडतो, पुढच्या पानावर प्रवाशांची नावे भरतो आणि शेवटी पैसे चुकते करतो. प्रत्येक पानागणिक सर्व्हरला मागचे विस्मरण होऊ लागले, तर पैसे भरण्याच्या वेळी हा प्रवासी कोण आणि त्याने कोणती गाडी निवडली होती, हे सांगता येणार नाही. दुकानात प्रत्येक जिन्नस पिशवीत टाकताच दुकानदाराने गिऱ्हाइकाला ‘आपण कोण?’ असे नव्याने विचारावे, तसाच तो प्रकार होईल.

ही अडचण १९९४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नेटस्केप या कंपनीपुढे आली. इंटरनेटवर दुकान थाटू इच्छिणाऱ्या एका ग्राहक कंपनीस खरेदीदारांचे अर्धवट राहिलेले व्यवहार स्वतःच्या सर्व्हरवर साठवून ठेवावयाचे नव्हते. लू माँटुली या तरुण अभियंत्याकडे हे काम आले. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यावा आणि तो सर्व संकेतस्थळांना दिसू द्यावा, हा एक सोपा उपाय होता. माँटुली याने तो जाणीवपूर्वक टाळला. असा एकच क्रमांक सर्वत्र दिसू लागला, तर त्याच्या आधारे माणसाचा एका संकेतस्थळावरून दुसऱ्या संकेतस्थळापर्यंत माग काढणे अगदीच सोपे होईल, हा धोका त्याने ओळखला होता. त्याऐवजी प्रत्येक संकेतस्थळाने आपापली स्वतंत्र खूण वाचकाच्या ब्राउझरपाशी ठेवावी आणि ती खूण फक्त त्याच संकेतस्थळाला परत मिळावी, अशी योजना त्याने आखली. दोन आज्ञावलींमध्ये ओळखीसाठी देवघेव होणाऱ्या अशा खुणेला संगणकतज्ज्ञ पूर्वीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत असत. त्यावरूनच या खुणेला कुकी हे नाव पडले.

या योजनेचे मर्म एका परिचित प्रथेवरून सहज ध्यानात येईल. मोठ्या देवळाच्या दारात पादत्राणे सांभाळणारा माणूस प्रत्येक भाविकाच्या हाती क्रमांक कोरलेला पत्र्याचा बिल्ला देतो. भाविकाचे नाव, गाव वा जात तो विचारीत नाही. दर्शन घेऊन परतल्यावर बिल्ला दाखविला की त्या क्रमांकाच्या खणातील पादत्राणे तो परत करतो. बिल्ला भाविकाच्या खिशात असतो आणि त्याचा अर्थ फक्त देणाऱ्यालाच कळतो. शेजारच्या प्रसादाच्या दुकानात त्याचा काडीचाही उपयोग नसतो. कुकीही अशीच असते. सर्व्हर पानासोबत काही अक्षरे व अंक पाठवितो, ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्याच संकेतस्थळाकडे पुन्हा जाताना न विसरता सोबत नेतो.

कुकीविषयी काही गैरसमजही प्रचलित आहेत. कुकी ही चालणारी आज्ञावली नव्हे. ती संगणकातील कागदपत्रे वाचू शकत नाही वा स्वतःहून काही करू शकत नाही. साधारणपणे चार हजार अक्षरांच्या मर्यादेत बसणारा तो केवळ मजकुराचा एक तुकडा असतो. काही कुकी ब्राउझर बंद होताच नाहीशा होतात, तर काहींवर समाप्तीची तारीख घातलेली असते आणि त्या महिनोन्‌महिने टिकून राहतात. गूगल कंपनीच्या क्रोम या ब्राउझरने २०२२ मध्ये ही मुदत जास्तीत जास्त चारशे दिवसांपुरती मर्यादित केली. प्रवेश केलेल्या व्यक्तीची ओळख टिकविणे, निवडलेली भाषा लक्षात ठेवणे, अर्धी राहिलेली खरेदी सांभाळणे, ही कुकीची कामे निरुपद्रवी, किंबहुना आवश्यक आहेत. त्यांच्यावाचून आजचे बहुतेक व्यवहार ठप्प होतील.

मग प्रश्न कोठे निर्माण होतो? कुकी ज्याने दिली त्यालाच ती परत मिळावी, या नियमातच एक पळवाट राहून गेली होती. संकेतस्थळाचे एखादे पान वरकरणी एकसंध दिसले, तरी त्याचे सर्व भाग एकाच ठिकाणाहून येतात असे नाही. बातमी वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून येते. पण तिच्या शेजारची जाहिरात एखाद्या जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येते. ती जाहिरात मागविताना ब्राउझर त्या तिसऱ्या कंपनीशीही संपर्क साधतो, तिने दिलेली कुकी जपतो आणि जाहिरात कोणत्या पानावर दाखवावयाची आहे, हेही बहुधा तिला कळवितो. वाचकाने त्या कंपनीचे नावही ऐकलेले नसते. हीच जाहिरात कंपनी जर हजारो संकेतस्थळांवर जाहिराती पुरवीत असेल, तर त्या साऱ्या ठिकाणी तिला आपलीच कुकी परत मिळते. दृश्य जाहिरातीचीही आवश्यकता नसते. डोळ्यांना न दिसणारे एका ठिपक्याएवढे चित्र पानात घातले तरी कार्यभाग साधतो. अशा कुकीस तिऱ्हाइताची कुकी म्हणता येईल.

बिल्ल्याच्या दृष्टान्ताकडे पुन्हा वळल्यास हा फरक स्पष्ट होईल. देवळाच्या दारात, औषधाच्या दुकानात, ग्रंथालयात, सावकाराच्या पेढीवर आणि वकिलाच्या ओसरीवर एकाच कंत्राटदाराची माणसे बसली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी ती येणाऱ्याच्या खिशातील तोच एक बिल्ला पाहून वहीत नोंद करीत आहेत, अशी कल्पना करावी. येणाऱ्याचे नाव त्यांस अजूनही ठाऊक नाही. परंतु अमुक क्रमांकाचा माणूस सकाळी मधुमेहाची औषधे पाहत होता, दुपारी कर्जाच्या व्याजाची चौकशी करीत होता आणि रात्री घटस्फोटाच्या कायद्याविषयी वाचत होता, एवढे कळल्यावर नावाची गरज ती काय? शिवाय यांपैकी एका जरी ठिकाणी त्याने नाव नोंदविले, तरी मागच्यापुढच्या साऱ्या नोंदींना ते नाव चिकटण्याची शक्यता निर्माण होते.

गावातील किराणा दुकानदारालाही गिऱ्हाइकाच्या घरची पुष्कळ माहिती असते. कोणाच्या घरी तेल किती लागते, कोणाची उधारी थकली आहे, हे त्याच्या वहीत लिहिलेले असते. परंतु त्याला हे ठाऊक आहे याची गिऱ्हाइकालाही जाणीव असते, आणि त्याने ती माहिती चव्हाट्यावर मांडली तर गिऱ्हाईक दुसरे दुकान धरू शकते. या परिचयात दोन्ही बाजूंस काही मर्यादा पाळाव्या लागतात. तिऱ्हाइताच्या कुकीत हा परस्परभाव नाहीसा होतो. पाहणारा दिसत नाही, त्याची वही कोठे आहे हे कळत नाही आणि त्याच्याकडे जाणे बंद करावयाचे म्हटले, तरी कोणाकडे जाणे बंद करावे, हेच उमगत नाही.

भारतीय कुटुंबांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुष्कळ घरांत एकच दूरध्वनी संच आईवडील, मुले व सुना मिळून वापरतात. कुकी माणसाला ओळखीत नाही, ती ब्राउझरला ओळखते. एखाद्या मुलीने कोणास सांगता न येणाऱ्या दुखण्याविषयी वा गर्भारपणाविषयी दुपारी काही वाचले, तर संध्याकाळी त्याच संचावर क्रिकेटचा धावफलक पाहणाऱ्या तिच्या वडिलांसमोर त्या विषयाशी संबंधित जाहिराती येऊ शकतात. जाहिरात करणाऱ्याच्या लेखी ही केवळ एक चुकलेली जाहिरात असते. त्या मुलीला मात्र त्यामुळे घरात कोणत्या प्रसंगाला तोंड द्यावे लागेल, हे सांगता येत नाही. लपविण्याजोगे काही नसेल तर भिण्याचे कारण काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर अशा घरांत सापडते. कोणती गोष्ट कोणास, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगावयाची हे ठरविण्याची मोकळीक, म्हणजेच खाजगीपणा होय. त्या मुलीची नेमकी तीच मोकळीक हिरावून घेतली जाते.

हा धोका तज्ज्ञांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. प्रारंभी ब्राउझर वाचकाला कसलीही सूचना न देता कुकी स्वीकारीत असे. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ या दैनिकात यासंबंधी लेख प्रसिद्ध झाला आणि सामान्य जनतेला कुकीच्या अस्तित्वाची वार्ता लागली. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या मंडळाने कुकीविषयी पहिले प्रमाणपत्रक प्रसिद्ध केले. डेव्हिड क्रिस्टॉल आणि लू माँटुली यांनी लिहिलेल्या या पत्रकात, वाचकाने मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज ब्राउझरने तिऱ्हाइताची कुकी स्वीकारू नये, अशा आशयाची शिफारस होती. जाहिरात व्यवसायाने तिला विरोध केला आणि त्या काळच्या दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी ती अमलात आणली नाही. संकेतस्थळांचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून राहू लागले होते, हे त्याचे प्रमुख कारण होय. पुढे डबलक्लिक ही जाहिरात कंपनी या पद्धतीच्या बळावर मोठी झाली आणि २००८ मध्ये ती गूगलने ताब्यात घेतली. माग काढता येऊ नये म्हणून जी रचना मुद्दाम निवडली गेली होती, तिचाच अशा रीतीने माग काढण्यासाठी उपयोग होऊ लागला.

तथापि संकेतस्थळांनी मनावर घेतले तर वाचकाचे संरक्षण करणे अशक्य नाही. त्याचे काही मार्ग सर्वमान्य आहेत. कुकीत नाव, दूरध्वनी क्रमांक यांसारखी माहिती न लिहिता केवळ अर्थहीन क्रमांक लिहावा, म्हणजे ती कोणाच्या हाती पडली तरी मजकूर उघड होत नाही. कुकीची ने-आण केवळ सांकेतिक लिपीत झाकलेल्या मार्गानेच व्हावी, पानावरील परक्या आज्ञावलींना ती वाचता येऊ नये आणि दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या मागणीबरोबर ती जाऊ नये, अशा तीन खुणा कुकी देतानाच तिच्यावर घालता येतात. या खबरदारीचे महत्त्व ऑक्टोबर २०१० मध्ये जगाला पटले. त्या महिन्यात ‘फायरशीप’ नावाची एक छोटी आज्ञावली प्रसिद्ध झाली. एखाद्या उपाहारगृहातील खुल्या बिनतारी जोडणीवर बसलेल्या कोणाही माणसाला शेजाऱ्याची कुकी उचलून त्याच्या नावाने संकेतस्थळात शिरता येते, हे तिने प्रत्यक्ष दाखवून दिले. बिल्ला चोरणाऱ्याला दुसऱ्याची पादत्राणे मिळावीत, तसाच हा प्रकार होता. त्यानंतरच्या काळात मोठमोठी संकेतस्थळे आपला सर्व व्यवहार झाकलेल्या मार्गाने करू लागली.

परंतु चोरापासून कुकीचे रक्षण करणे आणि खुद्द घेणाऱ्याच्या लोभापासून वाचकाचे रक्षण करणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या कामी केवळ सदिच्छा पुरी पडत नाही. ‘माझा माग काढू नका’ अशी विनंती ब्राउझरने प्रत्येक संकेतस्थळास आपोआप कळवावी, ही सूचना २००९ मध्ये पुढे आली. काही ब्राउझरांनी ती सोयही केली. पण विनंती मानण्याचे बंधन कोणावरच नव्हते; परिणामी बहुसंख्य संकेतस्थळांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले आणि २०१९ मध्ये त्या विनंतीचे प्रमाणीकरण करणाऱ्या गटाचे काम बंद झाले. म्हणूनच कायद्याची आवश्यकता उत्पन्न होते.

या बाबतीत युरोपने पुढाकार घेतला. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने वाचकाला माहिती देणे व नकाराची संधी देणे आवश्यक ठरविले. २००९ च्या दुरुस्तीने त्यापुढे जाऊन, सेवेसाठी अत्यावश्यक असलेल्या कुकी सोडून इतरांसाठी आधी संमती घेतली पाहिजे, असा दंडक घातला. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या व्यापक नियमावलीने संमतीची व्याख्या अधिक कडक केली. जर्मनीतील एका सोडत चालविणाऱ्या कंपनीने संमतीच्या चौकोनात आधीच खूण करून ठेवली होती. त्या खटल्यात १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला की, वाचकाने केवळ ती खूण पुसली नाही यावरून त्याची संमती गृहीत धरता येत नाही. संकेतस्थळांवर दिसणाऱ्या चौकटींच्या सुळसुळाटामागे प्रामुख्याने हे युरोपीय कायदे आहेत.

मात्र कायद्याचे शब्द पाळून त्याचा हेतू कसा विफल करता येतो, याचेही दर्शन या चौकटींनी घडविले. होकाराची कळ मोठी व ठळक, तर नकाराची वाट तीनचार पानांआड दडविलेली, असे दृश्य सर्रास दिसू लागले. नकार देणे हे होकाराइतके सोपे ठेवले नाही, या कारणास्तव फ्रान्सच्या माहिती संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला पंधरा कोटी आणि फेसबुकला सहा कोटी युरोंचा दंड जाहीर केला. भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ग्राहकाला लाजवून होकार मिळविणे, दुटप्पी प्रश्न विचारणे, पुन्हा पुन्हा तगादा लावणे, हे प्रकार त्यांत आहेत. जो होकार थकवून मिळविला जातो त्याला संमती म्हणता येत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे.

भारतात खाजगीपणाच्या हक्काला मान्यता मिळण्याचा प्रवास दीर्घ आहे आणि पाळतीचा प्रश्न त्याच्या प्रारंभापासूनच उभा होता. उत्तर प्रदेशातील खडक सिंह नावाच्या गृहस्थांवर १९४१ मध्ये दरोड्याचा आरोप ठेवण्यात आला होता. पुराव्याअभावी त्यांची सुटका झाली. तरीही पोलिसांनी त्यांच्या नावे नोंदवही उघडली. घरावर गुप्त पहारा, रात्रीबेरात्री दारावर थाप, ये-जा करण्याची नोंद, हे सारे पोलिसांच्या नियमावलीच्या आधारे चालत असे. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९६२ मधील निकालात न्यायालयाने रात्रीच्या झडत्यांची तरतूद घटनाबाह्य ठरविली. परंतु राज्यघटनेत खाजगीपणाच्या हक्काची हमी नाही, असे म्हणून ये-जा टिपण्यास बहुमताने आक्षेप घेतला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवून खाजगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच आवश्यक अंश आहे, असे प्रतिपादन केले. पाळत ठेवली जात असल्याच्या जाणिवेने माणसाचे मन जखडले जाते, मग त्याच्या हातापायांत बेडी असो वा नसो, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

अल्पमतातील हा विचार सर्वमान्य होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधार योजनेच्या संदर्भात केलेल्या याचिकेतून हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्या पीठाने एकमताने असा निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असून तो जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात अंतर्भूत आहे. खडक सिंह खटल्यातील विरुद्ध मत त्याच निकालाने रद्द झाले. स्वतःविषयीच्या माहितीवर माणसाचा अधिकार असावा, हाही या हक्काचाच भाग असल्याचे या निकालात मांडले गेले. हातात नोंदवही घेतलेला शिपाई आणि डोळ्यांना न दिसणारी कुकी यांत बाह्यतः कसलेच साम्य नाही. पण माणसाच्या ये-जा करण्याची नोंद त्याच्या नकळत ठेवावी काय, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

या निर्णयाच्या सुमारास नेमल्या गेलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल सादर केला. त्यानंतर एक विधेयक मांडले गेले व मागेही घेतले गेले; अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. या अधिनियमात कुकी हा शब्द कोठेही नाही. परंतु कुकीच्या साहाय्याने ओळखता येणाऱ्या व्यक्तीविषयी माहिती गोळा केली गेली, तर ती त्याच्या कक्षेत येते. संमती ही मुक्त, विशिष्ट, समजून उमजून, विनाशर्त व निःसंदिग्ध कृतीने दिलेली असली पाहिजे आणि ती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. संमती घेतली तरी ती कामापुरतीच मानावयाची आहे. अधिनियमातच याचे उदाहरण दिले आहे : दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या एखाद्या सेवेने रुग्णाकडून त्याच्या दूरध्वनीतील परिचितांची यादी पाहण्याचीही परवानगी घेतली, तरी सल्ल्यासाठी त्या यादीची गरज नसल्यामुळे तेवढ्यापुरती ती संमती निरर्थक ठरते. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस सामान्यतः मनाई करण्यात आली आहे.

या अधिनियमातील एक तरतूद भारतासारख्या बहुभाषिक देशाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय नागरिकाला मिळाली पाहिजे. आजवर कुकीविषयीची सूचना बहुधा इंग्रजीत आणि तीही कायद्याच्या बोजड भाषेत लिहिली गेली. जे वाचता येत नाही त्याला दिलेला होकार हा अंगठ्याच्या ठशासारखा असतो, आणि अशा ठशांनी या देशातील किती कुळांच्या जमिनी गेल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. मात्र तमिळ, बंगाली, मराठी वा संथाळीत केवळ शब्दशः भाषांतर करून भागणार नाही. ‘आपण काय पाहता याची नोंद जाहिरात कंपनीला कळविली जाईल’ इतक्या साध्या शब्दांत ते सांगितले गेले पाहिजे.

कायद्याच्या मर्यादाही लक्षात घेणे इष्ट ठरेल. अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना या अधिनियमातून वगळण्याचा अधिकार केंद्र शासनाने स्वतःकडे ठेवला आहे, आणि त्यावर अनेक विधिज्ञांनी टीका केली आहे. दुसरीकडे तंत्रही बदलत आहे. सफारी या ब्राउझरने मार्च २०२० पासून तिऱ्हाइताच्या कुकी पूर्णपणे अडविल्या. फायरफॉक्सनेही २०१९ पासून माग काढणाऱ्या ज्ञात कुकी आपण होऊन रोखल्या. क्रोममधून त्या काढून टाकण्याचा मनोदय गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केला होता; तो वारंवार लांबणीवर पडला आणि एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने सध्याचीच व्यवस्था चालू ठेवण्याचे ठरविले. शिवाय कुकीखेरीजही माग काढण्याचे मार्ग आहेत. संगणकाच्या पडद्याचा आकार, त्यातील अक्षरांचे वळण, वेळ व भाषा अशा बारीकसारीक लक्षणांच्या जुळणीवरून ब्राउझर ओळखता येतो. दूरध्वनीवरील आज्ञावलींसाठी जाहिरातीचा स्वतंत्र क्रमांक असतो. यास्तव केवळ एका तंत्रावर बंदी घालून हा प्रश्न सुटणारा नाही. कोणत्या हेतूने कोण काय नोंदवितो, यावरच नियंत्रण असावयास हवे.

दरम्यान नागरिकानेही काही गोष्टी स्वतःपुरत्या कराव्यात. ब्राउझरच्या मांडणीत तिऱ्हाइताच्या कुकी रोखण्याची सोय असते. ती एकदा चालू केली की नित्याच्या व्यवहारांत सहसा अडचण येत नाही. चौकटीत नकाराची कळ असेल तर ती निःसंकोच दाबावी. अत्यावश्यक कुकी त्यानंतरही आपले काम करतात. सामाईक संचावर वा सेवाकेंद्रातील संगणकावर काम संपताच रीतसर बाहेर पडावे, केवळ पान बंद करून उठू नये. खाजगी खिडकी उघडून वाचले की ती बंद होताच कुकी पुसल्या जातात, आणि एकच संच वापरणाऱ्या घरात ही सोय विशेष उपयोगी पडते. अर्थात कुकी पुसल्याने फक्त खिशातील बिल्ला नाहीसा होतो. सर्व्हरच्या वहीत आधी झालेली नोंद तशीच राहते, हे विसरू नये.

संगणकाला स्मरण असणे हा दोष नव्हे. त्या स्मरणावाचून रेल्वेचे तिकीट निघणार नाही वा बँकेचा व्यवहार पुरा होणार नाही. हे स्मरण ज्या कामासाठी दिले त्या कामापुरते राहावे, ज्याला दिले त्याच्याचपाशी राहावे आणि काम संपल्यावर संपावे, एवढीच नागरिकाची अपेक्षा आहे. १९९४ मध्ये ज्या अभियंत्याने कुकीची आखणी केली त्याचाही हेतू मूलतः हाच होता. तो पुन्हा प्रस्थापित करण्याची जबाबदारी संकेतस्थळे चालविणाऱ्यांवर आहे, कायदा राबविणाऱ्यांवर आहे, आणि त्या लहानशा चौकटीपुढे क्षणभर थांबून काय लिहिले आहे ते स्वतःच्या भाषेत वाचावयास मागणाऱ्या नागरिकावरही आहे.